तीस एप्रिलच्या आत

गेंट, मंगळवार, २ एप्रिल २०२४

हेन्निंग,

या पत्राला उत्तर लिहायची गरज नाही. सोबत एक अर्ज आहे, दोन प्रतींत. शेवटच्या पानावर मी पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही कर आणि तिकीट लावलेल्या पाकिटातून परत पाठव. पाकिटावर गावच्या दफनभूमी कचेरीचा पत्ता घातलेला आहे. तुझं काम एवढंच.

कारण सांगतो. तुझ्या भावाच्या कबरीच्या जागेची पंचवीस वर्षांची मुदत येत्या तीस एप्रिलला संपते. ती वाढवून मिळते, पण जागा ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करायचा, आणि जागा तुझ्या नावावर आहे. बापाची सही चालत नाही, आईचीही नाही. मी दोनदा जाऊन विचारून आलो. तीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत अर्ज पोचला नाही, तर माल्टेचा दगड काढतात, जमीन सपाट करतात आणि वर गवत पेरतात. आपल्या रांगेतल्या बाकीच्यांनी जागा सोडल्या आहेत, म्हणून मे महिन्यातच ती पूर्ण रांग मोकळी करणार आहेत.

आईला यातलं काही माहीत नाही. जानेवारीत तिने विचारलं, "माल्टेच्या मुदतीचं झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." ते अजून खरं होऊ शकतं.

आम्ही दोघं सहलीला निघालोय. आईचं वाचनालय सुटून सहा वर्षं झाली, माझं मोजणी खातं सुटून आठ. वसंतात कॅम्परगाडी घेऊन युरोपभर फिरायचं, वाटेतल्या नातेवाइकांना भेटायचं, असं आम्ही दरवर्षी म्हणायचो. यंदा निघालो. काय बघायचं याची यादी तिने केली आणि कुणाला भेटायचं याची मी. गेंटमधलं पहिलं नाव तुझ्या हेड्डा आत्याचं होतं. कारण उघड आहे. तुझा पत्ता आमच्या घराण्यात तिच्या एकटीकडे आहे.

तिने तो दिला नाही. आई घंटामनोऱ्यावर चढायला गेली होती, तेव्हा मी विचारलं. हेड्डा बटाटे सोलत होती.

"एकहार्ट, अठरा वर्षांत पोराला एक ओळ लिहिली नाहीस. आता कागद अडला तेव्हा आठवण झाली?"

"कागद अडला म्हणून नाही."

"मग आधी साधं पत्र लिही. अर्ज मागून पाठव."

"तेवढा वेळ नाही."

"तुला कधी होता?" तिने सुरी माझ्याकडे रोखली. "दे इकडे. पोचवते. पण मी पोस्टमन आहे, वकील नाही. तुझ्या बाजूने एक अक्षर बोलणार नाही."

आई मनोऱ्यावरून उतरली ती लाल होऊन, धापा टाकत. तीनशेहून जास्त पायऱ्या मोजल्या म्हणाली. तिचं छान चाललंय.

पेन्सिलची फुली खोडली नाहीस तरी चालेल.

बाबा

कोलमार, गुरुवार, ११ एप्रिल

हेन्निंग,

हेड्डाचा निरोप मिळाला की पत्र तुला चार तारखेलाच पोचलं. म्हणजे आज सात दिवस झाले. काल कचेरीत फोन केला, अर्ज आलेला नाही.

सध्या आम्ही योखेनमामाकडे आहोत. त्याच्या अंगणात गाडी लावली आहे. समोरच्या चिमणीवर करकोच्यांनी घरटं केलंय आणि तुझी आई सकाळी कॉफी घेऊन त्यांच्याकडेच बघत बसते. योखेन आहे तसाच आहे. आमची गाडी बघून म्हणाला, "रोझविटा, नवऱ्याला दवाखान्यात न्यायला आणलीस की फिरायला? गाडीत औषधांचा डबा केवढा, वाइनचा केवढा!" आई म्हणाली, "वाइन तुझ्याकडची संपवायची ठरवून आलोय."

रात्रीच्या जेवणाला पांढरी शतावरी आणि नवे बटाटे होते. सगळे हसत होते, आणि मधेच योखेनने विचारलं, "थोरल्याचं काही कळतं का गं?"

आईने शतावरीचा तुकडा कापला, बटरमध्ये फिरवला. "असेल जिथे असेल तिथे सुखी," म्हणाली. "मी काय केलं त्याचं, एवढंच एकदा विचारायचंय. बाकी काही नाही."

योखेनने माझ्याकडे पाहिलं. मी मीठ मागितलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की जागा तुझ्या नावावर आहे. ती कशी झाली ते लिहिलं नाही, कारण ते तुला माहीत आहे. तरी लिहितो. तेव्हा दफनभूमी कचेरीतल्या माणसाने विचारलं होतं, "कुणाचं नाव घालू?" तू माझ्या मागे उभा होतास, हात गळ्यात बांधलेला, कपाळाला टाके. अठरा पूर्ण होऊन तुला तीन महिने झाले होते. मी म्हणालो, "गाडी चालवणाऱ्याचं. त्यानेच सांभाळावी." त्या माणसाने चष्मा काढला आणि म्हणाला, "साहेब, हे आज ठरवायलाच हवं असं नाही." मी म्हणालो, हवं. तू डाव्या हाताने सही केलीस.

सात वर्षं तू दर शनिवारी गेलास. मार्चमध्ये पॅन्सीची फुलं, उन्हाळ्यात बेगोनिया, शरदात हेदर, थंडीआधी फरच्या फांद्या. गावातल्या बायका आईला सांगायच्या, पूर्ण दफनभूमीत अशी कबर नाही, कडेची माती तर पट्टी लावून कापल्यासारखी. रविवारी मी जाऊन बघत असे. मी तुला कधी काही म्हणालो नाही. चांगलं केलंस, असंही म्हणालो नाही.

हेन्निंग, तुझा राग माझ्यावर असेल तर तो दगडावर काढू नकोस. आई दर महिन्याला त्याच्याशी जाऊन बोलते. मोठ्याने बोलते, वाचनालयातल्या गमती सांगते. तिला दुसरी जागा नाही.

एकोणीस दिवस उरले आहेत.

बाबा

मेरान, शुक्रवार, १९ एप्रिल

हेन्निंग,

हे पत्र हेड्डाच्या हातून येणार नाही. तुझ्या फळ सोसायटीच्या फाटकावरच्या पेटीत मी ते स्वतः टाकणार आहे.

तिने पत्ता दिला नाही, पण फोनवर बोलताना तोंडातून निघून गेलं, "त्याच्याकडे आता सफरचंदांना फुलोरा आला असेल, त्याला कुठली सवड!" सफरचंदांची खोरी काही फार नाहीत. आईला म्हणालो, मेरानला जाऊ या, फुलोरा बघू. ती म्हणाली, "यादीत तर नाही. तू आणि यादीबाहेर?" पण खूष झाली.

काल पहाटे तापमान शून्याखाली गेलं. सकाळी आम्ही बाहेर पडलो तर सगळ्या बागांवर पाण्याचे फवारे चालू होते आणि फुलांवर, फांद्यांवर, तारांवर बर्फ चढलेला. आईला वाटलं, सगळं गेलं. एक म्हातारा बागवान तिला म्हणाला, "नाही बाई, आम्हीच गोठवतो. वर बर्फ असला की आत फूल मरत नाही." ती हातमोजा काढून एका फुलाला बोट लावून बराच वेळ उभी राहिली.

तेव्हा मी तुला पाहिलं. तू पलीकडच्या रांगेत रबरी बूट घालून नळाची चकती सोडवत होतास. केस पांढरे झालेत तुझे. तुझ्याबरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, लाल टोपी घातलेली. ती तुला काहीतरी सांगत होती आणि तू मान न वळवता हसत होतास. आम्ही तुझ्यापासून साठ मीटरवर होतो. अंतर मला नजरेने कळतं, ती माझी नोकरीच होती. आईची पाठ तुमच्याकडे होती. "रोझविटा, मागे बघ," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणालो, "थंडी वाजतेय, गाडीत जाऊ."

आता जे तुला माझ्याकडून ऐकायचं आहे ते. तुला ते माहीत आहे, आणि आपल्या दोघांशिवाय जगात कुणालाच माहीत नाही.

अपघाताच्या त्या दिवशी आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. साडेतीनला केक कापायचा होता. पाहुणे बसलेले, कॉफी ओतलेली, तुमच्या दोन खुर्च्या रिकाम्या. तीन वाजून दहा मिनिटांनी मी आतल्या खोलीत जाऊन तरणतलावाच्या तिकीट खिडकीवर फोन केला आणि तुला बोलावून घेतलं. "साडेतीनला खुर्चीत दिसला नाहीत, तर गाडीची किल्ली पुन्हा तुझ्या हातात पडणार नाही." तू म्हणालास, "बाबा, माल्टेने अजून कपडे बदलले नाहीत. आणि रस्ता पंचवीस मिनिटांचा आहे." मी म्हणालो, "मग बोलत काय बसलास?"

पोलिसांनी विचारलं, मुलाला एवढी घाई कशाची होती? मी म्हणालो, कल्पना नाही. पास्टरना तेच सांगितलं, आईला तेच. पुढे तुझ्या तोंडावरही विचारलं, सगळ्यांदेखत, "एवढा वेग कशाला?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. मला वाटलं, तुला आठवत नसेल, डोक्याला मार लागला होता. सात वर्षं मी तसंच धरून चाललो.

मग त्या नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, तू कबरीवर फरच्या फांद्या घालत होतास आणि मान वर न करता म्हणालास, "बाबा, आईला फोनचं सांगा. ती रोज माझ्याकडे बघते आणि विचार करते की मी असा कसा वागलो. तुम्ही सांगा, मी ही जागा जन्मभर सांभाळीन." मी विचारलं, "कसला फोन?"

तू उरलेल्या फांद्या नीट लावून पुऱ्या केल्यास, झारी खुंटीला अडकवलीस आणि गेलास. आईला वाटतं, तू तिच्यावर रागावून गेलास.

आम्ही नदीकाठच्या तळावर आहोत, अठ्ठावीसपर्यंत. सही कर, हेन्निंग. मी हात जोडतो.

बाबा

मेरान, बुधवार, २४ एप्रिल

हेन्निंग,

तुझी चिठ्ठी मिळाली. तळाच्या खिडकीवर ठेवलेली होती आणि सुदैवाने मीच आधी गेलो. 'सुदैवाने' हा शब्द लिहिल्यावर मला त्याची लाज वाटली, पण खोडत नाही.

तुझ्या चार ओळी पाठ झाल्या आहेत. "बाबा, मला लिहिलंत ते तिला सांगा. तिने मला स्वतः फोन करून 'कळलं' म्हटलं, की मी त्याच क्षणी सही करून कचेरीला पाठवतो. संगणकावरून पाठवलेलं चालतं, मी विचारलंय. अर्ज टेबलावरच आहे." खाली नंबर.

याहून सोपी अट असू शकत नाही. तू पैसा मागितला नाहीस, माफी मागायला लावली नाहीस.

काल मी तिला बागेत घेऊन गेलो. तळ्याकाठी बाक रिकामा होता. मी म्हणालो, "रोझविटा, तुला काही सांगायचंय."

"गुडघ्याचं ना? मला दिसतंय. परवापासून लंगडतोयस आणि लपवतोयस. पन्नास वर्षं झाली लग्नाला, मला फसवशील?"

मी म्हणालो, "हो. गुडघ्याचं."

ती उठून औषधाच्या दुकानात गेली, मलम घेऊन आली आणि तिथेच बाकावर माझी विजार गुडघ्यापर्यंत सरकवून चोळून दिलं. येणारे-जाणारे हसत होते. "बघू दे लोकांना," म्हणाली, "माझा म्हातारा आहे."

अजून सहा दिवस आहेत. उद्या सांगतो. अठ्ठावीसला निघायचं होतं, ते मी लांबवलं, गुडघ्याचं कारण सांगून. तुझी ती मुलगी, तिचं नाव काय?

बाबा

मेरान, मंगळवार, ३० एप्रिल

हेन्निंग,

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. आई पाव आणायला गेली आहे. तुझा नंबर माझ्यासमोर आहे.

गुरुवारी आम्ही किल्ला बघितला. शुक्रवारी पाऊस होता, ती पुस्तक वाचत होती, तिला मधेच थांबवावंसं वाटलं नाही. शनिवारी माल्टेची तारीख. तिने मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "एक बरं आहे, त्याची जागा तरी पक्की आहे." मी तेव्हा तोंड उघडलं होतं. पण ती पुढे म्हणाली, "तू होतास म्हणून मी त्यातून निघाले, एकहार्ट." यानंतर माणसाने काय बोलायचं? रविवारी, सोमवारी मी वाट बघत होतो की तिनेच काहीतरी विचारावं.

अकरा एकतीस. ती येताना दिसतेय. पाव बगलेत आहे, कुणाशी तरी हात हलवून बोलतेय.

अकरा पन्नास. ती आली, कॉफी ठेवली, खिडकी उघडली. विचारलं, "कुणाला लिहितोयस?" म्हणालो, हेड्डाला. "माझा नमस्कार लिही," म्हणाली.

बारा पाच.

घरी, शुक्रवार, १७ मे

हेन्निंग,

सगळं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो.

तुला माहीत आहे, मेच्या मध्यावरचे बर्फाचे संत, म्हणजे शेवटच्या गारठ्याचे दिवस, उलटल्याशिवाय तुझी आई बेगोनिया लावत नाही. पंधराला शेवटचा संत गेला. काल सकाळी तिने बाजारातून बारा रोपं आणली, सहा लाल, सहा पांढरी, आणि म्हणाली, "चल गावाकडे." मी म्हणालो, गुडघा. ती म्हणाली, "मग मी बसने जाते." तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही. तेवढंही नाही जमलं.

भिंतीपासूनची पूर्ण रांग गेली होती. माती ओढून सपाट केलेली, वर बी पेरून रूळ फिरवलेला, दोरी लावलेली. रोपांचा ट्रे हातात धरून ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिला वाटलं, आपणच रांग चुकलो. पंचवीस वर्षं जिथे डोळे मिटून गेली, तिथे ती झाडं मोजायला लागली. मग मला म्हणाली, "तू मोजणारा ना? दाखव मला. कुठेय तो?"

मी दाखवलं. भिंतीच्या कोपऱ्यापासून अकरा मीटर, वाटेपासून दीड. ती दोरीच्या अलीकडे उभी राहिली. पाय आत टाकला नाही, बी तुडवलं जाईल म्हणून.

कचेरीत तोच माणूस होता ज्याला मी दोनदा भेटलो होतो. त्याने कागद काढला. "ज्यांच्या नावावर जागा होती, त्यांचा अर्ज आला नाही, बाई."

"कुणाच्या?"

"हेन्निंग यांच्या."

"त्याला कळवलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब कळवणार होते."

आई माझ्याकडे वळली. तीच वेळ होती, हेन्निंग. मुदत गेली होती, दगड गेला होता, आता वाचवायला काही उरलं नव्हतं. आता सांगून माझ्याखेरीज कुणाचंच काही जाणार नव्हतं. मी म्हणालो, "मी त्याला कळवलं होतं. हेड्डामार्फत अर्ज पाठवला, परतीच्या पाकिटासकट. चार पत्रं लिहिली. विनवण्या केल्या. त्याने सही केली नाही."

यातला शब्द न् शब्द खरा आहे.

"मग जानेवारीत 'झालं' का म्हणालास?"

"तुला त्रास नको म्हणून."

ती मला रागावेल असं वाटलं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि माझा दंड धरला. "म्हणजे ही सगळी सहलभर तू हे एकटा वाहत होतास? गेंटला, योखेनकडे, त्या फुलांत? आणि मी मनोरे चढत बसले!" तिने माझ्या कोटाचं बटण लावलं, उगाचच. कचेरीतला माणूस खिडकीतून बाहेर बघू लागला.

परतताना गाडीत तिने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, "गाडी चालवत होता म्हणून मी त्याला कधी दोष दिला नाही. पोरांचं चुकतं. पण हे त्याने समजून-उमजून केलं. सख्ख्या भावाला पुसून टाकलं. आता तो दारात येऊन उभा राहिला, तरी मी उघडणार नाही. ऐकतोयस ना?"

मी म्हणालो, "ऐकतोय."

संध्याकाळी तिने भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला, तो शाळेत दाखल झालास त्या दिवसाचा, हातात खाऊचा मोठा कोन धरलेला. त्या जागी माल्टेचा लावला. मी तिला खिळा ठोकून दिला.

हे सगळं मी तुला लिहितोय. ती भिंतीपलीकडे झोपली आहे, तिला उठवून सांगत नाही. तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. तुला मात्र मी काहीही लिहू शकतो, कारण तू कुणाला सांगणार नाहीस, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.

बाबा